पुढच्या बाकावर धनुरे सर

उदगीरला तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि दुकानाच्या वरच्या मजल्यावर सिद्धेश्वर धनुरे सरांची टायपिंगची इन्स्टिट्यूट. माझं निम्मं आयुष्य त्या मशीनींच्या आवाजाखाली गेलं. पहाटेची बॅच सुरू झाली की छतावर कुणीतरी फुटाणे भाजतंय असं वाटायचं. सर शिकवायचे फार चांगले. पोरगं चुकलं तर ओरडायचे नाहीत. नुसते त्याच्या खुर्चीमागं येऊन उभे राहायचे. पोरगं आपोआप सरळ बसायचं.

इन्स्टिट्यूट काढली होती त्यांच्या वडिलांनी, माणिकप्पांनी. ते मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका आडतीवर मुनीम होते. ब्याऐंशी साली उस्मानाबादेतून लातूर वेगळं निघालं, नवा जिल्हा झाला. नवी कलेक्टर कचेरी, नवी जिल्हा परिषद, आणि जिकडंतिकडं टायपिस्ट पाहिजेत. माणिकप्पांनी मुनिमी सोडली आणि हैदराबादेहून जुन्या मशीनी आणल्या. तेव्हा सर शाळेत होते. जिल्हा झाला की माणसाचं नशीब कसं पालटतं हे त्यांनी त्या वयात घरातच पाहिलं. पुढं लातूरला कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला गेले, तर वडील वारले. गाशा गुंडाळून परत आले आणि वडिलांच्या खुर्चीवर बसले. कॉलेजात बसायचं राहिलं ते राहूनच गेलं. ही गोष्ट ते कुणाजवळ बोलत नसत, पण दुकानात एखादं कॉलेजचं पोरगं नोट्सची झेरॉक्स काढायला आलं की सर त्या नोट्स हातात घेऊन चाळत बसायचे. पोरगं बिचारं ताटकळायचं.

मग तो दुष्काळ आला, पंधरा-सोळाचा. पावसानं लागोपाठ दगा दिलेला. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आमच्याकडंही बोअर आटले होते, गल्लीगल्लीत टँकरची वाट बघणं चाललं होतं. त्यातच सरकारचा आदेश आला, की मशीनवरची टायपिंगची परीक्षा आता बंद होणार आणि पुढं सगळं कॉम्प्युटरवर. वरचा आवाज हळूहळू विरळ झाला. कधी कधी सकाळी एकच मशीन वाजायची.

उदगीरला तेव्हा एकच विषय होता, उदगीर जिल्हा होणार. प्रत्येक सव्वीस जानेवारीला होणार, नाहीतर पंधरा ऑगस्टला होणार. सरांचा त्यावर पूर्ण विश्वास होता.

"पंढरी, जिल्हा झाला की बघ," ते मला म्हणायचे. "नवी कचेरी आली की माणसं लागणार. फक्त ह्यावेळी टायपिस्ट न्हाई, कॉम्प्युटरवाले लागणार."

"मग आणा की कॉम्प्युटर," मी म्हणालो. "शिकवायला एखादा पोरगा ठेवा."

सर म्हणाले, "माझ्या इन्स्टिट्यूटमधी मी खुर्चीवर बसून राहायचं आन शिकवायचं दुसऱ्यानं? मग तिथं मी कोण?"

त्यातूनच कॉम्प्युटरची डिग्री घ्यायची हे त्यांच्या डोक्यात बसलं. वय सत्तेचाळीस. केस निम्मे पांढरे. पण एकदा डोक्यात बसलं की धनुरे सरांचं निघत नसे.

चौकशी त्यांनी मन लावून केली. आधी लातूरला एका ठिकाणी गेले. तिथं कुठल्याशा लांबच्या विद्यापीठाची डिग्री मिळत होती. काचेच्या केबिनमधला माणूस म्हणाला, तुमच्या वयाला तीन वर्षं कशाला, आम्ही एका वर्षात करून देतो. सरांनी विचारलं, मग शिकवणार कधी? तो हसला. म्हणाला, शिकायचं टेन्शन घेऊच नका, डिग्री मिळाल्याशी मतलब. सर पाणीही न पिता उठले.

मग मुक्त विद्यापीठाच्या केंद्रावर गेले. ते बरं होतं. रविवारी वर्ग, पुस्तकं घरी, परीक्षा रीतसर. तिथले मास्तर सरळ माणूस होते. म्हणाले, "हे तुमच्यासारख्यांसाठीच हाय बघा. इन्स्टिट्यूट सांभाळून होईल. वर्गात सगळे तुमच्याच वयाचे, कुणी पोस्टातला, कुणी एसटीतला." सर दोन-तीनदा तिथं जाऊन आले. परतताना त्यांचा चेहरा मात्र पडलेला असायचा. मी एकदा छेडलं तेव्हा म्हणाले, "रविवारी रविवारी जाऊन काय शिकणं व्हतंय? रोज हजेरी, रोज फळा, रोज बाक. मला तसं शिकायचंय."

तिसरा पर्याय गावातच होता. आमच्या इथल्या कॉलेजात बी.सी.ए. सुरू झालं होतं. तीन वर्षं, रोज अकरा ते चार, वयाची अट नाही. लॅब नवीन होती आणि कॉलेज घरापासून पायी जाण्यासारखं.

इथं सरांच्या लेकीबद्दल सांगायला पाहिजे. शिवकन्या ही त्यांची एकुलती एक. बारावीला ती लातूरला होती, चार मुलींबरोबर खोली करून. हुशार, बोलकी. माझ्या दुकानात आली की मशीनचा पेपर अडकलेला ट्रे स्वतःच उघडायची. त्या उन्हाळ्यात लातूरच्या खोलीत प्यायला पाणी मिळायची मारामार, उदगीरला निदान टँकरचं तरी यायचं, म्हणून ती केस धुवायला बस धरून उदगीरला यायची. परीक्षा संपल्यावर घरमालकानं मुलींना सांगितलं, आता गावी जा, पाणी पुरत न्हाई. ती वळकटी घेऊन घरी आली.

तिलाही बी.सी.ए.च करायचं होतं, पण नांदेडला. लोह्याची एक मैत्रीण तिथं जाणार होती, दोघींनी होस्टेलही बघून ठेवलं होतं. हे तिनं आईला, रत्नम्माला सांगितलं. आईला ती अव्वा म्हणायची. रत्नम्मानं सरांना सांगितलं. सर म्हणाले, "नांदेडला कशाला? इथं कॉलेज हाय की." आणि मग त्यांना ते सुचलं. बाप-लेक एकाच वर्गात. पुस्तकांचा एकच संच. घरी दोघांनी मिळून अभ्यास. तिचं गणित चांगलं, त्यांचं इंग्रजी चांगलं. जाणं-येणं बरोबर. त्यांना ते इतकं छान वाटलं की ते जिन्यावरून धावत खाली येऊन मला सांगून गेले.

प्रवेशाच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होतो. प्राचार्य हणमंतराव तोंडारे वयस्कर गृहस्थ होते. कागद बघून म्हणाले, "नियमात बसतंय. मला आनंदच आहे. पण मुलगी याच वर्गात आहे ना? तिला चालतंय का?"

"माझीच लेक हाय की सर," धनुरे सर म्हणाले. "न चालायला काय झालं?"

घरी त्यांनी शिवकन्येला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. "हं," म्हणाली. सरांनी तो होकार धरला. रत्नम्मा मात्र कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटली आणि आत गेली. तिचं माहेर बीदरकडचं. राग आला की ती कन्नडवर यायची. सर त्या दिवशी इतके आनंदात होते की त्यांनी ती काय म्हणाली ते विचारलंही नाही.

कॉलेज सुरू झालं. पहाटेची बॅच घेऊन, आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून सर लेकीबरोबर निघायचे. ती दोन पावलं मागं चालायची. सर पुढच्या बाकावर बसायचे, ती शेवटच्या. वर्गाला शिकवायला सोनकांबळे मॅडम होत्या. बाई तरुण, मूळच्या निलंग्याच्या. उदगीरला आत्याकडं राहून शिकताना धनुरे सरांकडंच टायपिंग शिकलेल्या. पहिल्या दिवशी मॅडम वर्गात आल्या, सर उभे राहिले, आणि सर उभे राहिलेले बघून मॅडमच गोंधळल्या. ते त्यांना मॅडम म्हणायचे, त्या त्यांना सर म्हणायच्या. पोरांना मजा वाटायची.

सरांची पहिल्या महिन्यातच हवा झाली. माउस त्यांच्या हातात नीट बसत नसे, बाण इकडंतिकडं पळायचा. पण कीबोर्डवर बोटं पडली की लॅबमधली पोरं आपलं काम सोडून बघायला यायची. गृहपाठ सगळ्यात आधी त्यांचा. मॅडमनी प्रश्न विचारला की हात त्यांचा वर. पुढं एका पेपरवाल्यानं येऊन बातमीही केली, बाप-लेक एकाच वर्गात म्हणून. फोटो काढताना तो शिवकन्येला सारखा म्हणत होता, ताई जरा हसा. सरांनी त्या बातमीच्या झेरॉक्स माझ्याकडून काढून नेल्या आणि भेटेल त्याला दिल्या.

शेवटच्या बाकावर काय चाललं होतं ते मला खूप उशिरा कळलं. पोरी डब्याला बसल्या की शिवकन्या आल्यावर विषय बदलायच्या, कारण तिच्या कानावर गेलं ते सरांच्या कानावर जाणार. पोरं तिच्याशी बोलताना जपून बोलायची. तास बुडवून चहाला जायचं ठरलं तर तिला कुणी विचारायचं नाही. तिचं नावच पडलं, सरांची पोरगी. ते काही खोटं नव्हतं, पण वर्गात तिला दुसरं नावच राहिलं नाही.

आणि एक होतं. मॅडम तिला प्रश्न विचारायच्या तेव्हा पुढच्या बाकावरचे सर मागं वळून बघायचे. चेहऱ्यावर कौतुक, ओठ किंचित उघडे, आता माझी लेक उत्तर देणार असे. सुरुवातीला ती उत्तर द्यायला लागायची. एकदा मॅडमनी फळ्यावर एक लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायचा हुकूम, लिहून विचारलं, हा किती वेळा फिरेल? शिवकन्या उभी राहिली, तोंड उघडलं, आणि वडील वळले. ती थांबली.

"येत न्हाई, मॅडम," ती म्हणाली.

मग सरांनी उत्तर दिलं. बरोबर दिलं. वर्गानं टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी जेवताना त्यांनी तिला तो लूप पुन्हा समजावून सांगितला, ताटात भाताचे छोटे छोटे ढीग करून. ती ऐकत राहिली.

त्यानंतर एक दिवस तास संपल्यावर सोनकांबळे मॅडमनी सरांना बाजूला घेतलं. "सर, तुम्ही मागच्या बाकावर बसाल का थोडे दिवस?" त्यांनी विचारलं. सरांना वाटलं आपण उंच, मागच्या पोरांना फळा दिसत नसेल. "मॅडम, मला लांबचं दिसत न्हाई," ते म्हणाले. "मी कडेला सरकून बसतो की." आणि दुसऱ्या दिवसापासून पुढच्याच बाकावर भिंतीकडं सरकून बसले. मॅडम तरी आपल्या जुन्या मास्तरला आणखी काय सांगणार?

पहिल्या वर्षाच्या परीक्षेत सर वर्गात दुसरे आले. शिवकन्या कशीबशी पास झाली. नंतर जून महिन्यात तिनं घरात सांगितलं, मला बी.सी.ए. नको, मी घरून बी.ए. करते.

ती गोष्ट सरांनी मला दुकानात सांगितली तेव्हा शिवकन्या तिथंच उभी होती, टीसीची झेरॉक्स काढायला आलेली. "असू दे," सर म्हणाले. "कॉम्प्युटर काय सगळ्यांनाच झेपत न्हाई." त्यांना तिला दुखवायचं नव्हतं, खरं तर तिची बाजूच घेत होते. तिनं झेरॉक्स घेतली, घडी घातली आणि गेली. त्या दिवशी तिनं मशीनच्या ट्रेकडं बघितलंही नाही.

पुढं तिचं लग्न झालं देगलूरला. जावई अण्णाराव, कापडाचं दुकान, माणसं चांगली. सर तिसरं वर्ष पूर्ण करून एकोणीस साली पदवीधर झाले. कॉलेजनं सत्कार केला. वरच्या मजल्यावरच्या मशीनी भंगारवाल्यानं नेल्या, त्यांच्या जागी कॉम्प्युटर आले. माझ्या छतावरचा आवाज कायमचा थांबला. उदगीर जिल्हा मात्र झाला नाही. पोरं थोडीफार येत राहिली, पण सरांनी मनात धरलेली गर्दी काही आली नाही. तरी सर समाधानी दिसायचे. दोन-चार शाळांनी त्यांना भाषणाला बोलावलं, शिकायला वय नसतं या विषयावर. ते जायचे आणि बाप-लेकीची गोष्ट सांगायचे. लेक मधेच सोडून गेली हे सांगताना म्हणायचे, तिची आवड वेगळी होती.

बावीस साली संक्रांतीच्या सुमारास ते देगलूरला गेले. लेकीला भेटून येतो म्हणाले. परत आले ते थेट माझ्या दुकानात, आणि स्टुलावर बसले. मग हे सगळं सांगितलं.

देगलूरच्या दुकानात गल्ल्यावर कॉम्प्युटर होता आणि त्याच्यासमोर शिवकन्या होती. नव्यानं कामाला लागलेल्या दोन पोरींना ती बिल करायला शिकवत होती. एक तेलुगू बोलणारी, तिच्याशी तेलुगूत, दुसरीशी मराठीत. पोरगी चुकली, घाबरून हात मागं घेतला. शिवकन्या हसली. "चुकू दे," म्हणाली. "मिटवता येतंय. दाब, काय व्हतंय बघू दोघी." सर खुर्चीवर बसून बघत होते. दुकानातल्या मालाचा हिशोब ठेवायची सगळी व्यवस्था तिनंच बसवली आहे, बाहेरचा माणूस बोलवावाच लागत नाही, असं जावयानं कौतुकानं सांगितलं.

दुपारी घरात जेवण झाल्यावर सर म्हणाले, "तुला तर चांगलं येतंय की गं."

"येतच व्हतं, अप्पा," ती म्हणाली.

"मग सोडलंस कशाला?"

तिची छोटी मुलगी मांडीवर झोपली होती, तिला थोपटत राहिली. मग म्हणाली, "मला येत न्हाई असं वर्गात म्हणायची लाज वाटायची. येतंय असं म्हणायची पण भीती वाटायची. मी उभी राहिले की तुम्ही वळून बघायचा."

"मी कौतुकानं बघत व्हतो."

"माहीत हाय मला. पण वर्गात बाकीच्या पोरी चुकायच्या, हसायच्या, परत करायच्या. मला चुकता येईना. घरी गेल्यावर परत तेच, जेवताना."

सर म्हणाले, "बोलायचं व्हतंस."

"काय बोलणार? तुम्ही किती खूश व्हता. अव्वा म्हणाली व्हती, त्यांचं लई वर्षांचं राहिलंय, जाऊ दे."

तेव्हा सरांच्या लक्षात आलं की प्रवेशाच्या दिवशी रत्नम्मा आत जाऊन नुसती चिडली नव्हती. लेकीशी बोलून तिनं लेकीला गप्प केलं होतं. दोघींनी मिळून त्यांना त्यांचं कॉलेज दिलं होतं.

"पंढरी," सर मला म्हणाले, "रविवारचा वर्ग व्हता की. तो मास्तर किती चांगलं सांगत व्हता. माझं तिथं झालं असतं. डिग्री तीच. पोरगी नांदेडला गेली असती." एवढं बोलून ते जिना चढून वर गेले.

त्या आठवड्यात कुणाला काही न सांगता ते नांदेडच्या बसमध्ये बसले. आमचं कॉलेज नांदेडच्याच विद्यापीठाखाली येतं, तिथं जाऊन त्यांनी चौकशी केली, की पहिलं वर्ष पास झालेल्या मुलीला आता दुसऱ्या वर्षापासून पुढं शिकता येईल का. या खिडकीवरून त्या खिडकीवर गेले. शेवटी एका बाईंनी नीट समजावून सांगितलं, की अभ्यासक्रम बदललाय, तेव्हाचे विषय आता धरले जाणार नाहीत, पहिल्यापासून प्रवेश घ्यावा लागेल. सर दारातल्या कडुलिंबाखाली आले आणि तिथूनच त्यांनी लेकीला फोन लावला. म्हणाले, मी नांदेडला आलोय, असं असं हाय, पहिल्यापासून करावं लागंल, पण तू करच, फी मी भरतो, पाहिजे तर रविवारचं बघू.

तिनं सगळं ऐकून घेतलं.

"अप्पा, नांदेडला जायच्या आधी मला विचारलं का तुम्ही?"

"न्हाई," ते म्हणाले.

"तेच म्हणते मी." आवाजात राग नव्हता. "माझी पोरगी आता बालवाडीत जाणार हाय. दुकान हाय. मला अजून शिकायचं हाय का, ते मलाच ठाऊक न्हाई. ठाऊक झालं की सांगन. गिऱ्हाईक हाय, ठेवते."

परतताना लोह्याला बस थांबली तेव्हा सर खाली उतरले नाहीत. शेजारच्या माणसानं विचारलं, तब्येत बरी नाही का. बरी आहे म्हणाले.

त्यानंतर सरांनी भाषणं बंद केली. मागच्या वर्षी निलंग्याच्या एका शाळेतून माणूस आला होता, वार्षिक संमेलनाला पाहुणे म्हणून या, तुमची ती मुलीबरोबर शिकल्याची गोष्ट सांगा म्हणाला. सरांनी हात जोडले. "ती गोष्ट पुरी मला माहीत नव्हती," एवढंच म्हणाले. तो माणूस माझ्याकडं बघायला लागला. मी त्याला चहा पाजून पाठवून दिलं.

शिवकन्या रविवारी फोन करते. आधी आईशी बोलते. कन्नड, मराठी, हल्ली थोडी तेलुगू, असं मायलेकींचं बराच वेळ चालतं. मग रत्नम्मा फोन सरांकडं देते. सर विचारतात, काय म्हणतीस. ती म्हणते, बरं हाय अप्पा, तुम्ही गोळ्या घेता का. ते म्हणतात, घेतो. शिक्षणाचा विषय ते काढत नाहीत. पण बोलणं संपल्यावरही ते फोन लगेच ठेवत नाहीत, थोडा वेळ कानाला तसाच धरून ठेवतात. पलीकडून दुकानातला गलका ऐकू येत राहतो. मग ती म्हणते, ठेवू का, आणि सर म्हणतात, ठेव.